रायसिबे मागायला गेली

कस्टर्ड काही केल्या घट्ट होईना.

सलमिनाने दूध ओतलं होतं, साखर घातली होती, पावडरीचा डबा उलटा करून त्याच्या बुडावर थापडा मारल्या होत्या, आणि आता ती लाकडी डाव दोन्ही हातांनी धरून पातेलं ढवळत होती. रंग सुरेख उतरला होता. वास मात्र असा येत होता, की कुणीतरी ओल्या पोत्यात अननस गुंडाळून ठेवलाय आणि विसरून गावाला गेलंय.

"चुलीचा दोष आहे," सलमिना स्वतःशीच म्हणाली आणि पातेलं तसंच उचलून बाहेर घेऊन गेली. तिच्या स्वयंपाकात आजवर दोष निघाला तो चुलीचाच निघाला होता.

बाहेर शेडखाली रायसिबेचा निरोपसमारंभ रंगात आला होता. राणीची टेकडी म्हणतात त्या टेकडीखालच्या या रोपवाटिकेत तीस वर्षं राबलेली ही बाई शुक्रवारी निवृत्त व्हायची होती. पण शुक्रवारी पगार, आणि पगाराच्या दिवशी जेवणानंतर कुणी जागेवर सापडत नाही, म्हणून समारंभ सोमवारीच उरकून घेण्यात आला होता. टेबलावर भात होता, कोंबडी होती, बीट, भोपळा, कोबी, बीन्स आणि लालभडक जेली होती. रायसिबेच्या खुर्चीला फुगे बांधले होते. फुग्यांच्या मधोमध ती, आपल्यालाही कुणीतरी बांधून ठेवल्यासारखी, ताठ बसली होती.

मॅनेजर रामोशबा भाषण करत होता. पोरगेला होता, मनाने चांगला होता, आणि नुकताच एका शिबिरातून भाषण करायला शिकून आला होता. "इथलं प्रत्येक झाड मा रायसिबेला ओळखतं," तो म्हणाला. वयाने मोठ्या बाईला तिथे आईसारखं 'मा' म्हणतात. टाळ्या पडल्या. झाडांनी यावर काही मत दिलं नाही.

मग जेलीवर कस्टर्ड ओतण्यात आलं. पहिली वाटी अर्थातच मॅनेजरची. त्याने चमचाभर तोंडात घातलं, क्षणभर टेकडीकडे पाहिलं आणि गिळलं.

"छान आहे," तो म्हणाला. "जरा... मातीची चव आहे."

रायसिबेने वाटी नाकाशी नेली आणि हळूच खाली ठेवली. फुग्यांमधून ती उठून उभी राहिली.

"सलमिना, पावडर कुठली घेतलीस गं?"

"ऑफिसच्या फ्रिजमधली. खालच्या कप्प्यातली. चांगला कस्टर्डचा डबा होता की."

"डबा कस्टर्डचा होता. आत काय होतं?"

सलमिनाने डाव पाठीमागे लपवला. आत काय होतं ते तिला आता आठवलं. तिथल्या सगळ्यांनाच आठवलं, आणि वाट्या एकेक करून टेबलावर परत आल्या. आत पराग होता. टेकडीवरच्या सायकॅडच्या नर कणसांचा या हंगामातला सगळा पराग. रायसिबेने तो झटकून, चाळून, सुकवून, झाकण घट्ट लावून ठेवला होता. मॅनेजर रामोशबाने पाणी मागितलं. त्याला पुढे काही झालं नाही. मॅनेजर लोकांना सहसा काही होत नाही.

---

पराग ठेवला होता तो पंपाच्या खोलीशेजारच्या झाडासाठी.

सायकॅड लांबून ताडासारखं दिसतं, पण ताडाला तसं सांगितलं तर ताड रागावेल. ताडाला फुलं येतात, फळं येतात. सायकॅड त्याहून फार जुनं. फूल नावाची गोष्ट निघाली नव्हती तेव्हापासूनचं. त्याला थेट कणीस येतं, माणसाच्या मांडीएवढं आणि कधी कधी माणसाएवढंच जड. शाळेच्या सहली येत तेव्हा रायसिबे हे सगळं पोरांना समजावून सांगायची. "आंबा म्हणजे एकत्र कुटुंब. नर-मादी एकाच मोहोरात, आणि माश्या जाऊन-येऊन असतात. भोपळ्याची नर फुलं वेगळी, मादी फुलं वेगळी, पण वेल एकच. नवरा-बायको एका घरात, खोल्या दोन. मक्याचं तर काय, वर तुरा, खाली केस, मधे वारा. कुणाला कुणाची ओळखही करून द्यावी लागत नाही. आमचं सायकॅड मात्र वेगळं. नराचं झाड वेगळं, मादीचं झाड वेगळं. एक या डोंगरावर, तर दुसरं त्या. मधे सोंडे." तांदळातले सोंडे असतात तसलेच किडे, नराच्या कणसात जेवतात आणि अंगाला पराग माखून मादीकडे जातात. "आणि बी उघडं. वर फळाचं पांघरूण नाही. कणसाच्या खवल्याला टेकून बसलेलं असतं, बस."

पोरं कान देऊन ऐकायची. त्यांच्या बाई तेवढा वेळ कुंपणाकडे बघत उभ्या राहायच्या.

पंपाशेजारचं झाड रायसिबेने नोकरीला लागली त्या वर्षी स्वतः पेरलं होतं. सायकॅड नर आहे की मादी, ते कणीस येईपर्यंत सांगत नाही, आणि कणीस यायला वीस वर्षं लागतात, तीस लागतात. कुणी घाई केलेली त्याला आवडत नाही. तीस वर्षं रायसिबे त्याला "काय रे, पाणी हवं का?" असं विचारत आली. या थंडीत त्याच्या शेंड्यात पहिलं कणीस दिसलं. मोठं, सोनेरी आणि ठुसठुशीत, मादीचं. मग तिने आधी कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं आणि झाडाची माफी मागितली.

पण पोरीने उशीर केला होता. टेकडीवरचे नर केव्हाच झडून रिकामे झाले होते आणि त्यांच्याबरोबर सोंडेही पांगले होते. म्हणून तर तो डबा. आता कणसाचे खवले सैल होऊ लागले होते. बोटाचं नख जाईल एवढी फट पडली होती. ही फट आठवडाभर उघडी राहते, मग मिटते. त्या आठवड्यात पराग आत गेला तर गेला.

आणि नाही गेला तरी वरून काही कळत नाही, हेच त्यातलं वाईट. सायकॅडची मादी नर मिळाला नाही म्हणून रडत बसत नाही. कणीस वाढवते, बिया मोठ्या करते, त्यांना लाल रंग चढवते, सगळं थाटात. फक्त आत काही नसतं. पुढचं कणीस चार वर्षांनी येईल, सहा वर्षांनी येईल, नाहीतर येणारही नाही. आणि तेव्हा रायसिबे इथे नसेल. टेकडीच्या ज्या उतारावरून चोरांनी झाडं खणून नेली होती, तिथे या झाडाची रोपं लागावीत एवढीच तिची इच्छा होती. तीस वर्षांत तिने रोपवाटिकेकडे दुसरं काही मागितलं नव्हतं. खरं तर कुणाकडेच काही मागितलं नव्हतं. मागणं तिला जमत नसे.

सलमिना पंपाच्या कट्ट्यावर डोक्यावर फडकं घेऊन रडत बसली होती.

"मला मार गं," ती म्हणाली.

"मारून पराग येतो का? नाक पूस."

"एक सांगू? रागावणार नाहीस?"

"आणखी काय शिजवलंस?"

"एक कणीस आहे. नराचं. अजून झडलेलं नाही. काल संध्याकाळी मी डोळ्यांनी पाहिलंय." सलमिनाने फडक्यातून एक डोळा बाहेर काढला. "मातोमेच्या अंगणात. पाण्याच्या टाकीमागे."

मातोमे रायसिबेचा धाकटा भाऊ. त्याचं झाड त्याच्यासारखंच, सगळ्यांच्या मागून येणारं.

"त्याच्या दारात मी जाणार नाही," रायसिबे म्हणाली.

"बरं," सलमिना म्हणाली आणि पुन्हा फडक्यात शिरली. "मग आपण कस्टर्ड गाळून बघू या."

---

भांडण झालं असतं तर केव्हाच मिटलं असतं. अडचण अशी होती, की भांडण झालंच नव्हतं.

रायसिबेच्या लग्नात तिचं देज म्हणून सासरकडून जी गुरं आली, तीच पुढे देऊन मातोमेचं लग्न झालं. म्हणजे मातोमेच्या घरातली एक मुलगी रायसिबेची सून. हे सांगावं लागत नाही, असतंच. रायसिबेला मूलबाळ झालं नाही आणि नवराही लवकर गेला, तरी त्याने अडत नाही. सून ही सासूची असते; तिच्या नवऱ्याचं पुढे-मागे बघता येतं. पुष्कळ बायकांनी अशा सुना आणल्या, त्यांच्या हातचं खाल्लं, त्यांच्या पोरांच्या आज्या झाल्या आणि सुखाने मेल्या. मातोमेने आपली मुलगी माइते आत्याच्या नावाने वाढवली. पोरगी अठराची झाली तेव्हा त्याने अंगण सारवून घेतलं, बकरा बघून ठेवला आणि बहीण मागायला येण्याची वाट बघत बसला.

रायसिबे आली नाही. तिने परस्पर माइतेला निरोप धाडला, की तू पोलोक्वाने शहरात जाऊन शीक, माझ्या चुलीची काळजी करू नकोस. पोरगी गेली, शिकली आणि आता तिथे इस्पितळात लोकांचं रक्त तपासते. सगळ्यांचं भलं झालं. फक्त मातोमे बहिणीशी बोलेनासा झाला. समोर आली तर तो बायकोशी बोलायचा, बायको नसली तर कुत्र्याशी. या गोष्टीला इतकी वर्षं झाली, की ते कुत्रं जाऊन दुसरं आलं होतं.

मंगळवारी सकाळी रायसिबेने चर्चचा झगा घातला, खांद्यावर शाल घेतली, तपकिरीची पुडी आणि एक कोंबडी बरोबर घेतली. मागणं घालायला खरं म्हणजे मामा-काका लागतात. तिचे सगळे मामा-काका टेकडीमागे पुरलेले होते. सलमिना म्हणाली, "मी बोलते. तू नुसती उभी राहा. पाप माझं आहे, तोंडही माझंच."

मागणं घालायला आलेल्यांनी गेटबाहेर उभं राहायचं. घरातल्यांना ते लख्ख दिसतात, पण दिसत नाहीत. हे न दिसणं जेवढं लांबेल तेवढी घराची पत मोठी. मातोमेची पत त्या सकाळी बरीच वाढली. तो व्हरांड्यात रेडिओ मांडीवर घेऊन बसला होता. आयुष्यभर बस चालवल्यामुळे समोरचं सगळं दिसत असूनही न थांबण्याची कला त्याला अवगत होती. त्याची बायको मापुला स्वयंपाकघराच्या खिडकीतून दोन्हीकडे बघत होती. तिने चहाचं पाणी केव्हाच ठेवलं होतं.

शेवटी कोंबडीनेच कलकलाट केला.

"या घराला नमस्कार," सलमिना ओरडली. "आम्ही पाण्याचा भोपळा मागायला आलोय!"

मुलीला मागणी घालताना असंच म्हणतात. लहान मुलालाही हे ठाऊक असतं.

"मापुला," मातोमे रेडिओकडे बघत म्हणाला, "त्यांना सांग, नळाला आठवडाभर पाणी नाही. नगरपालिकेत जा म्हणावं."

"त्यांना ऐकू येतंय," खिडकीतून मापुला म्हणाली. "आणि मला भाजी चिरायचीय."

"तसलं पाणी नव्हे, बाबा! मागणी घालायला आलोय."

"या घरात मुलगी नाही. होती ती गेली. तिला न्यायची वेळ होती तेव्हा वाट बघून बघून बकरा म्हातारा झाला."

रायसिबेने मान खाली घातली. सलमिनाने तिच्याकडे पाहिलं, घसा खाकरला आणि एकदम बोलून टाकलं, "मुलगी नकोय. मुलगा हवाय."

मातोमेने रेडिओ बंद केला.

"मुलगा? मुलगा मागायला येतात कधी? काय म्हणून मागतात त्याला? कसला भोपळा?"

"ते अजून ठरलेलं नाही, बाबा. पहिल्यांदाच होतंय."

मातोमेची नजर हळूहळू अंगणाच्या कोपऱ्याकडे, टाकीमागे गेली. तिथे त्यांच्या बापाने मातोमेच्या लग्नात लावलेलं सायकॅड उभं होतं. वर्षानुवर्षं भांड्यांचं आणि अंघोळीचं पाणी पिऊन ते मजेत वाढलं होतं. त्याच्या शेंड्यातून लांबलचक कणीस वर आलं होतं. त्याचे खवले सुटायला लागले होते आणि त्यातून बारीक पिवळी धूळ पानांवर सांडत होती. मातोमेला सगळं समजलं. रोपवाटिकेतलं कस्टर्डप्रकरण गावात कालच पोहोचलं होतं. त्याने खुर्ची सरळ केली, टोपी सरळ केली आणि सावकाश गेटकडे तोंड केलं. अशी संधी माणसाला आयुष्यात एकदाच येते.

"नवरी काय करते?" त्याने विचारलं.

"उभी असते," सलमिना म्हणाली.

"शिकलेली?"

"शाळेच्या सहली रोज तिच्यासमोरून जातात."

"वय?"

"तीस."

"तीस! इतकी वर्षं का राहिली?"

"कणीस नव्हतं आलं."

"हं. आमचा मुलगा म्हणजे साधासुधा नाही. त्याच्या पोटात सरकारने चिप बसवलीय. चोरांनी उचलला तर पोलीस शोधून आणतात. माझ्या पोटात काय आहे ते आजवर कुठल्या सरकारने विचारलेलं नाही." मातोमेने खिशातून रुमाल काढून उगाचच कपाळ पुसलं. "आणि लग्नानंतर राहायचं कुठे? नवरीला इकडे आणणार?"

"तिला कशी आणणार बाबा? तिला हलवायची तर ट्रॅक्टर लागेल."

"म्हणजे मुलगा तिकडे? घरजावई?" मातोमे खुर्चीतून उठलाच. "मापुला, ऐकलंस? आपला मुलगा घरजावई म्हणून मागतात! आधी आपली मुलगी यांना नको झाली, आता—"

"मातोमे."

रायसिबे बोलली होती. सलमिनाने तिची शाल ओढली, कारण मागणी घालणाऱ्याच्या पाठीमागे उभ्या असलेल्याने बोलायचं नसतं. रायसिबेने शाल सोडवून घेतली.

"मातोमे, वारा सुटलाय. तुझं कणीस आज कापलं नाही, तर उद्या त्यात काही राहणार नाही. माझी पोरगी शुक्रवारपर्यंत वाट बघेल. शुक्रवारी मी पण घरी जाणार. मला तुझ्या घरातलं ते कणीस दे. मी मागायला आलेय."

खिडकीतला मापुलाचा सुरी धरलेला हात थांबला.

मातोमे व्हरांड्याच्या पायऱ्या उतरून गेटपाशी आला. मधे फक्त जाळी होती. त्याने बायकोला हाक मारली नाही. कुत्र्यालाही मारली नाही.

"तेव्हा का नाही आलीस?" तो म्हणाला.

"पोरगी हुशार होती रे. माझ्या चुलीपुढे बसून काय करणार होती?"

"मी तेच म्हणतोय का? तू येऊन मागितली असतीस, आणि मग म्हणाली असतीस, की मागितली, मिळाली, आता तिला शिकू दे. मी काय नाही म्हणालो असतो? मीच बसमधून सोडून आलो असतो, तिकीट न घेता." त्याचा आवाज चढला आणि मधेच कुठेतरी बसला. "सगळं गाव वर्षभर विचारत होतं, बहीण आली का, बहीण आली का. मी अंगण सारवून बसलो होतो, ताई. माझ्या घरात तुला घेण्यासारखं काहीच नव्हतं, असं झालं ते."

रायसिबेने आजवर एवढाच विचार केला होता, की आपण न मागून भावाचं ओझं कमी केलं. त्याच्या खांद्यावर काय राहिलं, ते तिने वळून पाहिलं नव्हतं.

"मला मागता येत नाही, मातोमे," ती म्हणाली.

"आज आलं की."

"आज सलमिनाने मागितलं. मी नुसतं मधे तोंड घातलं."

मातोमेला हसू यायला लागलं. ते दाबण्यासाठी तो गेटच्या कडीशी उगाच झटू लागला. कडीला कधीच कुलूप नव्हतं.

"वन्सं, आधी आत या," मापुला दारातून म्हणाली. "चहाचं पाणी आटून आटून गेलं, ह्यांची पत काही आटेना."

चहा झाला. तपकीर झाडाच्या मुळाशी ठेवून मातोमेने गेलेल्या बापाला सांगितलं, की मुलाचं जमलं आहे, मुलगी चांगली आहे, जरा वयस्क आहे. मग तो शिडी लावून वर चढला. पानांच्या काट्यांनी दोन्ही हात ओरबाडून घेऊन त्याने कणीस कापलं आणि मापुलाने पसरलेल्या ब्लँकेटमध्ये हळूच सोडलं. धूळ सांडू नये म्हणून ते तान्ह्या मुलासारखं गुंडाळण्यात आलं.

"मी नेणार त्याला," मातोमे म्हणाला. "मुलाकडचं कुणीतरी बरोबर पाहिजे."

आणि तो आत जाऊन आपला लग्नातला कोट घालून आला. कोट पोटावर मिटत नव्हता.

---

रोपवाटिकेत मॅनेजर रामोशबाने आपली खोली रिकामी करून दिली. कोरडी अशी तेवढी एकच होती. हीटर लावून, टेबलावर वर्तमानपत्रं पसरून त्यावर कणीस आडवं ठेवलं. सकाळपर्यंत कागदावर पिवळ्या धुळीचा ढीग जमला होता. रामोशबा दारातून डोकावला.

"मा रायसिबे, सोमवारपासून माझ्याही पोटात थोडा आहे. उपयोग होणार असेल तर..."

"तुमचा शिजलेला, साहेब. तो चालत नाही."

कान साफ करायची रबरी पिचकारी असते, तसली एक रायसिबेकडे होती. तिच्यात तिने पराग भरला. मातोमे शिडी धरून उभा राहिला. झाडाच्या माथ्यावर ओणवून ती कणसाच्या एकेका फटीत पिचकारीचं टोक घालायची, दाबायची, पुढे सरकायची. वरून खाली, गोल गोल, एकही खवला न सोडता. जे काम हजारो सोंडे मजेत, खात-पीत करतात, ते करताना माणसाची कंबर मोडते.

"एवढंच?" खालून मातोमे म्हणाला. "मला वाटलं, काहीतरी असेल."

"तोंड तिकडे कर. शिंकशील."

तो शिंकलाच. कोटाचं एक बटण उडून पंपाच्या खोलीवर आदळलं.

"मुलाकडची मंडळी म्हणजे धिंगाणा," सलमिना म्हणाली.

गुरुवारी पुन्हा. शुक्रवारी पुन्हा. शुक्रवारी दुपारी शेवटचा पराग संपला तेव्हा रायसिबेने पिचकारी धुतली, वाळत घातली, आपल्या चाव्या रामोशबाच्या टेबलावर ठेवल्या आणि ती निघाली. पगाराचा दिवस होता. अपेक्षेप्रमाणे जागेवर कुणी नव्हतं. फक्त गेटबाहेर मातोमे कट्ट्यावर बसला होता.

"तुझ्या रस्त्याने चाललोय," तो म्हणाला. त्याचं घर उलट्या दिशेला होतं.

---

मरुलाची फळं पिकून झाडांखाली सडा पडायला लागला आणि गावात जिकडेतिकडे बायका त्यांची दारू गाळायला बसल्या, तेव्हा रामोशबाचा फोन आला. कणीस सुटलं होतं.

रायसिबे आली ती आता पाहुणी म्हणून. गेटवरच्या नव्या पहारेकऱ्याने तिच्या मनगटाला पाहुण्यांचा कागदी पट्टा बांधला. तिने पट्टा नीट बसावा म्हणून हात पुढे धरला. मातोमेने आपल्या हातावर पट्टा बांधून घ्यायला नकार दिला. "मी मुलाकडचा आहे," तो म्हणाला. पहारेकऱ्याला त्याचा अर्थ लागला नाही, पण आवाज ऐकून त्याने सोडलं.

कणसाचे तुकडे होऊन झाडाच्या बुंध्याभोवती पसरले होते आणि त्यात लालबुंद, अंगठ्यापेक्षा मोठ्या बिया पडल्या होत्या. मातोमे हरखून गेला.

"एवढ्या! ताई, एवढ्या झाल्या की!"

"ह्या अशाही होतात," रायसिबे म्हणाली. "मी पराग घातला नसता तरी ह्या एवढ्याच, अशाच लाल झाल्या असत्या."

"मग आत आहे की नाही, कळणार कसं?"

रायसिबेने बादली मागवली. पंपाचं पाणी काठोकाठ भरून घेतलं. मग ती झाडाखाली बसली, एक बी उचललं, वरचा लाल गर नखाने आणि फडक्याने सोलून काढला, आतलं कवच पुसून स्वच्छ केलं. "पोकळ असलं तर तरंगतं," ती म्हणाली आणि ते पाण्यावर ठेवलं.

बी तरंगलं.

तिने दुसरं सोललं. सलमिना आली होती, रामोशबा आला होता, मापुलाही आली होती. दुसरंही तरंगलं. दोन्ही बिया बादलीत एकमेकींना टेकून हलत राहिल्या. तिसरं सोलताना रायसिबेची नखं लाल झाली होती. ती घाई करत नव्हती. तिसरं तरंगलं.

सलमिनाने फडकं तोंडापाशी नेलं. रामोशबाने घड्याळ बघितलं आणि मग घड्याळ बघितल्याची त्याला लाज वाटली. मातोमेने एकदा बादलीत पाहिलं, एकदा बहिणीकडे. बहिणीने चौथं बी उचललं होतं आणि ती ते पहिल्याइतक्याच निगुतीने सोलत होती, पुसत होती, उन्हात धरून बघत होती.

तिने ते पाण्यावर ठेवलं. ते थांबलं नाही. बोटांतून सुटलं ते सरळ खाली गेलं आणि बादलीच्या बुडाशी बारीकसा आवाज झाला.

"काय झालं?" मातोमे म्हणाला. "कुठे गेलं?"

"खाली."

"खाली म्हणजे?"

रायसिबे पुढचं सोलायला लागली होती. तेही बुडालं. मग एक तरंगलं आणि त्याच्या मागोमाग तीन बुडाली. मातोमेला राहवलं नाही. त्याने कोटाची बाही वर सारली, गुडघे टेकले आणि खांद्यापर्यंत हात बादलीत घातला. पाणी काठावरून सांडून रायसिबेच्या झग्यावर आलं.

"आहेत," तो म्हणाला. "तळाला आहेत, ताई. लागतात हाताला."

"मग सोड की त्यांना. पाणी सांडतंय."

मातोमेने हात बाहेर काढला नाही. रायसिबेने बादली आणखी जवळ ओढली आणि त्याच्या दंडाच्या कडेला जरा जागा करून पुढचं बी पाण्यात सोडलं.